बाहेर असताना ऑफिसचा मेल ब्राउझरमध्ये सुरक्षितपणे कसा बघायचा

आमच्या ऑफिसातल्या मेलची व्यवस्था मी बघतो. कोणी रजेवर किंवा दौऱ्यावर गेलं की मला हमखास येणारा एक फोन असतो. "अहो, लॅपटॉप ऑफिसातच राहिला. इथे लॉबीत एक कॉम्प्युटर ठेवलाय, त्यावर मेल उघडला तर चालेल ना?" खरं उत्तर 'नका उघडू' असंच आहे. पण नुसतं तेवढं सांगून फोन ठेवला तर समोरच्याचं काम अडतं, आणि अडलेला माणूस शेवटी तोच कॉम्प्युटर वापरतो. म्हणून पहिल्यांदाच बाहेरून मेल बघणाऱ्यांसाठी सगळी रीत इथे क्रमाने लिहितोय. यातलं निम्म्याहून जास्त काम घरातून निघण्याआधीचं आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या. ब्राउझरमध्ये मेल उघडता तेव्हा मेल तुमच्या यंत्रात येऊन राहत नाही. तो कंपनीच्या किंवा सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरवरच असतो आणि ब्राउझर तो फक्त दाखवतो. कुणाकडे आउटलुकची वेब आवृत्ती असते, कुणाकडे कंपनीच्या नावाने चालणारं जीमेल, कुणाकडे झिंब्रा नाहीतर राउंडक्यूब. दिसायला वेगळी असली तरी तत्त्व एकच. काही इन्स्टॉल करायला नको, सेटिंग भरायला नको, पत्ता टाका आणि लॉगिन करा. तुम्हाला जगातल्या कुठल्याही यंत्रावरून आत जाता येतं, याचाच अर्थ तुमचा पासवर्ड आणि दुसरा पुरावा (पासवर्डनंतर मागितला जाणारा कोड वगैरे) मिळवलेल्या कुणालाही तसंच आत जाता येतं. पुढच्या सगळ्या खबरदाऱ्या एवढ्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: पत्ता नक्की करा

ऑफिसात असतानाच आयटीवाल्यांना वेबमेलचा, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या मेलचा, नेमका पत्ता विचारा, तो स्वतः उघडून बघा आणि लॅपटॉपवर व फोनवर बुकमार्क करून ठेवा. प्रवासात आयत्या वेळी सर्च इंजिनमध्ये 'अमुक कंपनी वेबमेल लॉगिन' असं शोधू नका. शोधाच्या निकालात सगळ्यात वर जाहिराती असतात, आणि खोट्या लॉगिन पानांच्या जाहिराती तिथे अनेकदा सापडल्या आहेत.

पत्ता वाचायची एक पद्धत आहे, ती एकदा हाताखालून गेली की आयुष्यभर उपयोगी पडते. समजा तुमचं वेबमेल मेल.एक्झाम्पल.कॉम या पत्त्यावर आहे आणि समोर हे आलं:

मेल.एक्झाम्पल.कॉम.लॉगिन-तपासणी.नेट/ऑफिस

घाईत डोळा 'मेल.एक्झाम्पल.कॉम' एवढंच वाचतो आणि पुढे जातो. तसं न करता पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे उलटं वाचत या. रेघेच्या लगेच आधी 'नेट', त्याच्या आधी 'लॉगिन-तपासणी'. म्हणजे या जागेचा मालक लॉगिन-तपासणी.नेट आहे. त्याच्या डावीकडे जे काही आहे ते मालकाने आपल्या मर्जीने लिहिलेलं आहे, तिथे तो तुमच्या कंपनीचं नाव खुशाल घालू शकतो.

कुलपाच्या चित्रावर भिस्त ठेवू नका. कुलूप दिसलं की साइट खरी, असं आपण वर्षानुवर्षं ऐकलं. कुलपाचा अर्थ इतकाच होता की तुमच्या आणि त्या साइटच्या मधला संवाद कूटबद्ध आहे, म्हणजे मधल्या कुणाला तो वाचता येत नाही. साइट कुणाची आहे, चांगली की वाईट, हे ते सांगत नाही. त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट आज फुकट मिळतं आणि फसवणारेही ते घेतात. लोकांचा हा गैरसमज बघून गूगलने सप्टेंबर 2023 मध्ये क्रोममधून ते कुलूपच काढलं आणि त्या जागी सेटिंगचं साधं चिन्ह ठेवलं.

दुसरी पायरी: दुसरा पुरावा प्रवासात चालेल असा करा

पासवर्डनंतर मागितला जाणारा कोड, म्हणजे टू-स्टेप व्हेरिफिकेशन, हे आता बहुतेक ठिकाणी सक्तीचं आहे आणि ते असायलाच हवं. पण ऑफिसात बसून सुरू केलेली ही सोय प्रवासात नेमकी रुसते. कोड एसएमएसने येत असेल, तर परदेशात रोमिंग नसलं की कोड येत नाही. तिथलं सिम घालायला तुमचं सिम काढलं तरी येत नाही. म्हणून निघण्याआधी ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर या. या अ‍ॅपमधला सहा आकडी कोड दर 30 सेकंदांनी बदलतो आणि त्याला नेटवर्क लागत नाही. सुरुवातीला क्यूआर कोड स्कॅन करताना एक गुप्त किल्ली तुमच्या फोनमध्ये साठवली जाते. ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांच्यावरून फोन आणि सर्व्हर आपापल्या जागी एकच कोड काढतात. विमानात, एअरप्लेन मोडवरही कोड दिसतो. मात्र फोनचं घड्याळ बरोबर हवं. कुणी हाताने वेळ बदललेली असेल, तर कोड नाकारला जातो आणि कारण काही केल्या सापडत नाही. तारीख-वेळ आपोआप घेण्याचं सेटिंग चालू ठेवा.

फोनच हरवला तर? त्यासाठी बॅकअप कोड काढून ठेवा. गूगल एका वेळी 10 कोड देतं, प्रत्येक आठ आकड्यांचा, आणि प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर लिहा किंवा छापा आणि लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता वेगळ्या ठिकाणी ठेवा. कागदावर कंपनीचं नाव किंवा ईमेल लिहू नका. हे कोड स्वतःलाच मेल करून ठेवलेली माणसं मला भेटली आहेत. मेलमध्ये शिरता येत नाही म्हणून कोड हवेत, आणि कोड मेलमध्ये!

तुमच्या कंपनीत पासकी (फोन किंवा लॅपटॉपमध्ये साठवलेली, पासवर्डऐवजी वापरायची किल्ली) किंवा यूएसबीसारखी दिसणारी सिक्युरिटी की चालत असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की तीच घ्या. कारण असं: हल्लीची चलाख खोटी पानं नुसता पासवर्ड चोरून थांबत नाहीत. ती तुमच्या आणि खऱ्या साइटच्या मधे बसतात, तुम्ही टाकलेला पासवर्ड आणि कोड त्याच क्षणी खऱ्या साइटला देतात आणि उघडलेलं लॉगिन स्वतःकडे ठेवतात. तुम्ही कोड अगदी बरोबर टाकलात तरी फसता. पासकी मात्र साइटच्या खऱ्या पत्त्याशी बांधलेली असते. पत्ता एका अक्षराने जरी वेगळा असला तरी ती चालतच नाही. माणसाचा डोळा चुकेल, ती चुकत नाही.

तिसरी पायरी: रंगीत तालीम

निघायच्या दोन-तीन दिवस आधी ऑफिसबाहेर, ऑफिसचं वायफाय आणि व्हीपीएन (इंटरनेटवरचा संवाद कूटबद्ध करून दुसऱ्या नेटवर्कमार्गे नेणारी सोय) बंद करून, फोनच्या डेटावर एक प्रायव्हेट विंडो (क्रोममध्ये तिला इन्कॉग्निटो म्हणतात) उघडा आणि पहिल्यापासून लॉगिन करून बघा. प्रायव्हेट विंडो अशासाठी की नेहमीच्या विंडोत तुम्ही आधीच आत असता आणि मग काहीच तपासलं जात नाही. या तालमीत बरेच घोळ बाहेर येतात: पासवर्ड ब्राउझरने लक्षात ठेवलेला असतो आणि तुम्हाला आठवत नाही, कोड जुन्या नंबरवर जातो, वेबमेल ऑफिसच्या नेटवर्कबाहेरून उघडतच नाही आणि आधी कंपनीचं व्हीपीएन लावावं लागतं. दुसऱ्या देशात जाणार असाल तर देश आणि तारखा आयटीला आधी कळवा. अनेक कंपन्या ठरावीक देशांबाहेरून येणारं लॉगिन अडवतात. सकाळी एका देशात आणि दुपारी दुसऱ्या खंडात लॉगिन दिसलं, तर खातं संशयास्पद म्हणून बंदही होऊ शकतं.

चौथी पायरी: यंत्र कोणाचं?

आता तुम्ही बाहेर आहात. मेल उघडण्याआधी स्वतःला हा एक प्रश्न विचारा. वायफाय सुरक्षित आहे का, हे सगळे विचारतात. यंत्र कोणाचं आहे, हे फार थोडे विचारतात. माझ्या लेखी धोका जास्त यंत्राचा आहे.

स्वतःचा किंवा कंपनीचा लॅपटॉप सगळ्यात बरा. तो नसेल तर स्वतःचा फोन. स्क्रीन लहान आहे म्हणून लोक फोन टाळतात आणि समोरच्या मोठ्या परक्या कॉम्प्युटरकडे वळतात, ते करू नका. फोनच्या ब्राउझरमध्ये वेबमेल व्यवस्थित चालतं, टाइप करायला थोडा त्रास होतो एवढंच. मित्राचा किंवा नातेवाइकाचा लॅपटॉप ही नाइलाजाची पायरी. माणूस विश्वासाचा असतो, पण त्याच्या यंत्रात काय काय शिरलंय हे त्यालाही ठाऊक नसतं. आणि हॉटेलच्या लॉबीतला, वाचनालयातला, सायबर कॅफेतला, विमानतळावरचा सार्वजनिक कॉम्प्युटर ऑफिसच्या मेलसाठी वापरूच नका.

"पण मी इन्कॉग्निटोमध्ये उघडेन ना," असं लगेच म्हटलं जातं. इन्कॉग्निटो काय करतं ते नीट बघा. अशा सगळ्या विंडो बंद झाल्या की त्या वेळची हिस्ट्री आणि कुकीज (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) पुसल्या जातात. बस्स. त्या यंत्रात कीबोर्डची प्रत्येक कळ नोंदवणारा प्रोग्राम असेल, तर तो इन्कॉग्निटोतही नोंदवतो. कीबोर्डची वायर आणि कॉम्प्युटर यांच्या मधे बसवायचं बोटाएवढं उपकरणही मिळतं, त्याला तर ब्राउझरचं काही घेणंदेणंच नसतं. तुम्ही डाउनलोड केलेली फाइल विंडो बंद केल्यावरही डाउनलोड्स फोल्डरमध्ये तशीच राहते.

एकदा एका हॉटेलच्या लॉबीत मला तिकीट छापायचं होतं. तिथल्या कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडला तर समोर कुणा अनोळखी माणसाचा ऑफिसचा इनबॉक्स. वरचाच मेल पगारवाढीच्या यादीचा, खाली जोडलेली एक्सेल फाइल. त्या माणसाने टॅबदेखील बंद केला नव्हता, बहुतेक घाईत निघाला असेल. मी साइन आउट केलं, मग डाउनलोड्स फोल्डर उघडला, तर तीच फाइल तिथेही पडलेली. ती पुसली, रिसायकल बिनही रिकामी केली. माझ्या आधी त्या खुर्चीवर किती जण बसून गेले असतील, हा विचार त्या दिवशी डोक्यातून जाईना. आजही कुणाला समजावताना मला तीच फाइल आठवते.

खरोखरच दुसरा काही उपाय नसेल आणि मेल जीवनमरणाचा असेल, तर ऑफिसात फोन करा आणि सहकाऱ्याला सांगा, "तुमच्याकडे तो मेल आलाय का बघा आणि मला वाचून दाखवा." कितीतरी वेळा एवढ्याने काम भागतं.

पाचवी पायरी: नेटवर्क

सार्वजनिक वायफायची जी भीती आहे तिला इतिहास आहे. ऑक्टोबर 2010 मध्ये फायरशीप नावाचं फायरफॉक्स ब्राउझरचं एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, आलं. त्या काळी बऱ्याच साइट फक्त लॉगिनचं पान कूटबद्ध करत आणि पुढचं सगळं उघड्यावर चालत असे. फायरशीप लावून कुणीही एकाच वायफायवरच्या शेजाऱ्याच्या खात्यात शिरू शकत होता. जीमेलने त्याच वर्षी जानेवारीत एचटीटीपीएस (साइटशी होणारा सगळा संवाद कूटबद्ध करणारी पद्धत) सगळ्यांसाठी आपोआप चालू केलं होतं, बाकीच्या साइट हळूहळू त्या वाटेने गेल्या. आज तुमचं वेबमेल एचटीटीपीएसवर असेल, तर शेजारच्या टेबलावरून वायफाय ऐकणाऱ्याला तुमचा मेल वाचता येत नाही. तुम्ही कुठल्या साइटवर आहात एवढं त्याला कळू शकतं.

धोका उरतो तो ब्राउझरच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करण्यात. 'तुमचं कनेक्शन खाजगी नाही' अशा अर्थाचं पूर्ण पानभर ताकीद देणारं पान आलं, की खालच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'वर जाऊन 'तरीही पुढे जा' दाबायची सवय अनेकांना असते. मेलच्या बाबतीत ते कधीही दाबू नका. कदाचित कारण साधं असेल: वायफायच्या स्वागतपानावर अजून 'मान्य आहे' दाबलेलं नसेल, किंवा लॅपटॉपची तारीख चुकलेली असेल. आधी एखादी साधी साइट उघडून ते स्वागतपान पूर्ण करा, घड्याळ बघा, मग बुकमार्कवरून मेल उघडा. इशारा तरीही आला, तर ते वायफाय सोडून द्या. आणि स्वागतपानाने वायफाय देण्यासाठी ऑफिसचा ईमेल आणि पासवर्ड मागितला तर तिथेच थांबा, त्याला त्याची काही गरज नसते.

शक्य असेल तेव्हा स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट वापरा. मेलला डेटा फार लागत नाही. कंपनीचं व्हीपीएन असेल तर लावा. स्टोअरमधून उतरवलेलं फुकट व्हीपीएन मात्र नको, त्यात वायफायवाल्यावर ठेवायचा विश्वास तुम्ही एका अनोळखी कंपनीवर ठेवता.

सहावी पायरी: लॉगिन

बुकमार्कवरून जा. पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड साठवून आपोआप भरणारा प्रोग्राम) वापरत असाल आणि तो नेहमीसारखा पासवर्ड भरत नसेल, तर हाताने टाइप करण्याआधी पत्ता पुन्हा वाचा. मॅनेजर पत्ता ओळखूनच भरतो, तो गप्प बसला तर त्याला काहीतरी खटकलेलं असू शकतं.

'साइन इन राहू द्यायचं का?' असा प्रश्न आला तर स्वतःच्या यंत्राशिवाय कुठेही 'नाही'. काही कंपन्यांच्या जुन्या आउटलुक पानावर यंत्र सार्वजनिक आहे की खाजगी, असे दोन पर्याय असतात. शंका असेल तेव्हा सार्वजनिक निवडा, मग वापर थांबला की लॉगिन लवकर संपतं.

तुमच्या फोनवर 'हे लॉगिन तुम्हीच करताय का?' अशी सूचना येत असेल, तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: तुम्ही त्या क्षणी लॉगिन करत नसाल तर उत्तर 'नाही'. सूचना दहा वेळा आली तरी नाही, मध्यरात्री झोपेत आली तरी नाही. 2022 मध्ये उबर कंपनीत घुसखोरी झाली ती अशीच. हल्लेखोराकडे एका कंत्राटी कर्मचाऱ्याचा पासवर्ड होता, त्याने पुन्हापुन्हा लॉगिनची विनंती पाठवली आणि शेवटी एकदा ती मान्य केली गेली. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने 2023 मध्ये आपल्या ऑथेंटिकेटरमध्ये स्क्रीनवर दिसणारा आकडा फोनमध्ये टाइप करणं सक्तीचं केलं. पण तो आकडा कुणी फोन करून सांगितला आणि "मी आयटीतून बोलतोय, हा टाका" म्हणाला, तर टाकू नका. न मागवलेली सूचना आली याचाच अर्थ तुमचा पासवर्ड कुणाला तरी कळलाय, तो लगेच बदला.

सातवी पायरी: आत असताना

जोडलेल्या फाइली शक्यतो ब्राउझरमध्येच उघडून वाचा, डाउनलोड करू नका. 'नंतर निवांत बघू' म्हणून ऑफिसचे मेल स्वतःच्या खाजगी खात्यावर फॉरवर्ड करू नका. तिथे कंपनीची कुठलीच सुरक्षा लागू होत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी तो नियमभंग धरला जातो. बसताना पाठ भिंतीकडे करा. उठताना, अगदी पाणी आणायला जातानाही, स्क्रीन लॉक करा: विंडोजवर विंडोजची कळ आणि 'एल', मॅकवर कंट्रोल, कमांड आणि 'क्यू'.

आठवी पायरी: बाहेर पडणं

टॅब बंद केला म्हणजे बाहेर पडलो, हा सगळ्यात मोठा भ्रम. लॉगिन झाल्यावर सर्व्हर ब्राउझरला एक कुकी देतो. ती चालू असेपर्यंत पासवर्ड पुन्हा विचारला जात नाही, आणि टॅब बंद केल्याने ती मरत नाही. म्हणून दुसऱ्याच्या यंत्रावर वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर किंवा नावावर जाऊन साइन आउट करा, मग ब्राउझरच्या सगळ्या विंडो बंद करा, मग एकदा तोच पत्ता उघडून लॉगिनचं पान येतं का ते बघा. स्वतःच्या लॅपटॉपवर दर वेळी साइन आउट करायलाच हवं असं नाही, तिथे स्क्रीन लॉक आणि डिस्क एन्क्रिप्शन (डिस्कवरचं सगळं कूटबद्ध ठेवणं) जास्त महत्त्वाचं.

आणि बाहेर पडायला विसरलात तर? गाडीत बसल्यावर आठवलं तरी हरकत नाही, फोनवरून करता येतं. गूगलच्या खात्यात 'सिक्युरिटी' विभागात तुमच्या यंत्रांची यादी असते, तिथून नेमक्या त्या यंत्राला साइन आउट करता येतं. कॉम्प्युटरवर जीमेल उघडलं असेल तर इनबॉक्सच्या अगदी तळाला उजवीकडे बारीक अक्षरात 'डिटेल्स' असतं, तिथूनही बाकीची सगळी सेशन, म्हणजे दुसरीकडे उघडी राहिलेली लॉगिन, बंद होतात. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस खात्यात 'साइन आउट एव्हरीव्हेअर' आहे, पण त्याचा परिणाम लगेच न होता थोडा वेळ लागू शकतो. हे बटण सापडलं नाही तर संकोच न करता आयटीला फोन करा, त्यांच्या बाजूने हे काही मिनिटांचं काम असतं.

परत आल्यावर

वापरलेले बॅकअप कोड असतील तर नवे काढा. लॉगिनची अलीकडची यादी बघा, आपण गेलो नव्हतो अशी ठिकाणं दिसतात का तपासा, मात्र व्हीपीएन किंवा मोबाइल डेटा वापरला असेल तर ठिकाण थोडं इकडेतिकडे दिसतं. दुसऱ्या पुराव्याच्या यादीत अनोळखी फोन किंवा नंबर जोडलेला नाही ना, तेही बघा.

मग मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन 'रूल्स' किंवा 'फिल्टर्स' आणि 'फॉरवर्डिंग' उघडा. इथे सहसा कुणीच फिरकत नाही आणि म्हणूनच खात्यात शिरलेला माणूस इथे काम करून ठेवतो. तुमचे मेल गुपचूप बाहेरच्या पत्त्यावर पाठवणारा नियम असेल, तर पासवर्ड बदलल्यावरही तो चालूच राहतो. दुसरी युक्ती अशी की 'बिल' किंवा 'पेमेंट' हे शब्द असलेले मेल इनबॉक्समध्ये न येता आउटलुकमधल्या आरएसएस फीड्ससारख्या कधी न उघडल्या जाणाऱ्या फोल्डरमध्ये जातील आणि वाचलेले म्हणून खूण होईल. म्हणजे तुमच्या नावाने तो ग्राहकाशी बोलत राहतो आणि ग्राहकाचं उत्तर तुम्हाला दिसतच नाही. अशा नियमाचं नाव बहुतेक वेळा नुसता एक टिंब किंवा एखादं अक्षर असतं. तुम्ही न केलेला असा नियम दिसला, तर त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि पुसायच्या आधी आयटीला दाखवा, कारण मेल किती दिवसांपासून आणि कुठे जात होते हे त्यांना त्यावरूनच शोधता येतं.